उंबराची रिकामी ढोली

फार वर्षांमागे ओढ्याकाठी एक उंबर होता. त्याच्या ढोलीत साळुंकीचं जोडपं राहत असे. भाडं एवढंच, की रोज पहाटे उंबराला एक भूपाळी म्हणून दाखवायची.

एका वर्षी ओढा आटला. पाखरं गावाकडे निघून गेली, रानभर ढोल्या ओस पडल्या. त्यातच साळुंकीचा जोडीदार देवाघरी गेला. पहाट झाली, पण तिच्या कंठातून सूर फुटेना.

“उंबरबाबा, चार दिवस सांभाळून घ्या.”

“बाई गं, नेम तो नेम. आज तुला सोडलं, तर उद्या सगळेच गप्प बसतील.”

“सगळे उरलेत कुठे, बाबा?” एवढंच बोलून साळुंकी उडाली.

दुसरं बिऱ्हाड काही आलं नाही. ढोलीत वाळवी शिरली. इतके दिवस साळुंकीच ती वेचून खात होती, हे उंबराला आता कळलं. एकदा फांदीवर कावळा टेकला, तेव्हा उंबर काकुळतीने म्हणाला, “तिला सांगाल? भाडं नको, नुसती राहायला ये म्हणावं.”

“भेटली तर सांगेन की,” कावळा म्हणाला.

तेव्हापासून रोज पहाटे उंबर स्वतःच उरलेली पानं सळसळवून भूपाळी म्हणू लागला. सूर काही नीट लागत नसे. पण ढोलीच्या तोंडावरचं कोळ्याचं जाळं तो आधी वाऱ्याकडून झाडून घेई. न जाणो, ती आजच यायची.