नागमोडी

फार जुनी गोष्ट. माळावरच्या प्राण्यांना तेव्हा सरळ चालणारे तेवढेच शहाणे वाटत. नाग आपला वळत वळत जाई, आणि भुरका ससा त्याला चिडवी, "काय नागोबा, आजही भरकटलात वाटतं?"

"भरकटणाऱ्याला कुठं जायचं ते ठाऊक नसतं," नाग म्हणे. "मला पक्कं ठाऊक आहे!"

एका सकाळी लांडगा सशाच्या मागे लागला. ससा करवंदीच्या जाळीकडे सरळ रेषेत सुसाट सुटला! पण लांडग्याच्या टांगा लांब. त्याचा गरम श्वास सशाच्या पाठीला लागला.

"अरे, वळ!" वारुळावरून नाग ओरडला. "डावीकडे वळ! आता उजवीकडे!"

ससा गर्रकन वळला. लांडगा वेगात पुढे निघून गेला. तो मागे फिरतो, तोवर ससा दुसऱ्याच बाजूला! पुन्हा वळण, पुन्हा लांडग्याची कोलांटी! अखेर लांडगा दमून मटकन बसला आणि ससा जाळीत शिरला.

आईनं त्याला पोटाशी धरलं. "लेकरा, कुठं रे भरकटला होतास?"

"भरकटलो नाही, आई!" ससा धापा टाकत हसला. "मी नागमोडी आलो!"