चांगो तांडेलाची बादली

"अख्ख्या वाडीनं माझ्या एका शब्दावर होड्यांवरचा हक्क सोडला, बाबा! ...म्हणजे, शब्द समितीच्या साहेबांचा. मी नुसता घरोघर पोचवला. तुम्ही तेवढे कधी सोडताय?"

नागेश कमरेवर हात ठेवून उभा होता. गळ्यात सरकारी समितीचं ओळखपत्र, पायात बूट, बुटात वाळू.

चांगो तांडेल आपल्या होडीला पाठ टेकून बसला होता. याच म्हाताऱ्यानं नागेशला सुकाणू धरायला शिकवलं होतं, आणि चुकला की वल्ह्याच्या दांड्यानं पाठीवर उजळणीही घेतली होती. ती पाठ अजून त्याच्यासमोर आपोआप ताठ व्हायची.

मासा संपत आला म्हणून सरकारनं खाडी बंद केली होती. उद्या सकाळी माणसं येऊन होड्या फोडणार होती. फक्त चांगोनं अजून हो म्हटलं नव्हतं.

"बादली घे," चांगो म्हणाला.

"कशाला?"

"खाडीचं पाणी आण. होडीत ओत."

नागेश हसला. जमिनीवर पडून लाकूड आकसतं, सांधे उघडतात. पाणी भरलं की फळ्या फुगतात, सांधे मिटतात. वाडीतलं शेंबडं पोरही हे जाणतं.

"बाबा, ते होडी लोटायच्या आधी करतात. आता कुठं लोटायची?"

"सुकाणू मी शिकवलं. तोंड चालवायला कुणी शिकवलं? आण."

नागेशनं बूट काढले.

पहिली बादली ओतली. पाणी सांध्यांतून थेट वाळूत. दुसरी ओतली. तीही गेली.

"सगळं गळतंय."

"तहानलीय. पिऊ दे."

पलीकडे जवळा वाळवणारी बायजाकाकू खदखदली. "काय रे नाग्या, समितीनं पाणक्या केला काय तुला?"

नागेशनं बादली आपटली. "खाडी बंद आहे, बाबा! बंद!"

"पावसाळ्यात दर्या कोण बंद करतं?"

"...आपणच."

"होड्या फोडून?"

नागेशनं आपटलेली बादली सरळ केली.

"आणि नारळी पुनवेला उघडतं कोण?"

"आपणच की."

"मासा दमलाय. मलाही दिसतंय, आंधळा नाही मी. निजू दे त्याला." चांगोनं कानामागची विडी काढली. "साहेबांनी उघडायचा दिवस कुठला सांगितलाय?"

नागेशनं गळ्यातलं ओळखपत्र उलटं करून पाहिलं. जणू मागच्या बाजूला छापलेला असेल.

"दिवस... नाही सांगितला."

"हं."

चांगोनं विडी पेटवली.

...

नागेशनं बादली उचलली आणि कुणी न सांगता खाडीकडं गेला. आला. ओतली. पुन्हा गेला. ओळखपत्र सारखं बादलीत बुडायला लागलं, तेव्हा त्यानं ते काढून वल्ह्याला अडकवलं.

उन्हं कलली. सांध्यांतली धार बारीक झाली. मग नुसते थेंब.

तेव्हा कुठं त्याला आठवलं, आपण इथं कशाला आलो होतो ते.

"बाबा... उद्या ती माणसं कुऱ्हाडी घेऊन येतील. त्यांना मी काय सांगू?"

चांगोनं होडीवर हात फिरवला. ओली होती.

"सांग, येताना बादल्याही आणा, बाकीच्या होड्याही तहानल्यात. माझी एकच आहे, आणि ती तू धरलीयस."