शेजारणीचं पाऊल

माणसाचा पत्ताही नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका नदीकाठी टेकडीएवढी एक डायनासोरीण राहायची आणि तिच्या सावलीत, बीळ करून, एक चिचुंद्री. डायनासोरीण चालली की तिच्या पावलाच्या खड्ड्यात पाणी साठायचं आणि चिचुंद्रीची पिल्लं त्यात डुंबायची. असा शेजार आता कुठे मिळतो?

डायनासोरीण दरवर्षी त्याच वाळूत अंडी घालायची. आधी हनुवटी टेकवून वाळूची ऊब बघायची. तिची आई, आजीही तसंच करायच्या. त्या वर्षी ऊब जरा जास्तच लागली. यंदा पिल्लं लवकर येणार, म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत सुटली.

चिचुंद्रीला मात्र बिळात पाय ठेववेना. ती चौकशीला निघाली. पाहते तर ओढ्यातले बेडूक कधीच निघून गेलेले आणि पलीकडे जमिनीला पडलेल्या भेगेतून धूर येतोय. ती धापा टाकत परतली.

"थोरल्या बाई, ही ऊब उन्हाची नव्हे, खालून येतेय. अंडी पोटात आहेत तोवर डोंगराकडे चला."

"तुला मेलीला सगळीकडे नाक खुपसायला हवं," ती हसून म्हणाली. "या वाळूनं माझ्या आजीला कधी दगा दिला नाही."

"आजीच्या वेळी ती एवढी तापत नव्हती हो."

डायनासोरिणीनं पुन्हा वाळूला हनुवटी टेकवली, पण ती जागची हलेना. शेवटी म्हणाली, "तू जा बाई. तुझी पिल्लं लहान आहेत." आणि डोंगराच्या वाटेवरची काटेरी झुडपं तिनं पावलानं चिखलात दाबून दिली.

पुढे जमीन फाटली. तांबडा रस वाळूवरून वाहत गेला, धुरानं सूर्य झाकला. हिरवा पाला संपला आणि मोठी पोटं उपाशी राहिली. डोंगरातल्या खोल बिळात चिचुंद्रीचं कुटुंब किडे-मुळ्या खाऊन तगलं.

कितीतरी पिढ्यांनी तो थिजलेला रस झिजून काळी माती झाली, तिच्यावर रान उगवलं. चिचुंद्रीचे वंशज दिवसाउजेडी हिंडू लागले. कुणी झाडावर चढलं, कुणी कळपानं पळू लागलं.

डोंगराच्या वाटेवर ते पाऊल मात्र दगड होऊन राहिलं होतं. पाऊस झाला की चिचुंद्र्या पिल्लांना तिथे आंघोळीला नेत.

"एवढी मोठी कोण होती गं?" पिल्लं विचारत.

"आपली शेजारीण. तिनंच आपल्याला वाट करून दिली."

तात्पर्य: पायाखालची जमीन बदलली की जुनी सवय सोडावी, आणि जो वाचला, त्यानं गेलेल्यांना विसरू नये.