हुतात्म्यांपाशी विसरलेली कवळी

एकदा एक फरशीचा व्यापारी नवीकोरी गाडी घेऊन सहकुटुंब हुतात्मा स्मारक पाहायला निघाला. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेशी चिमुकला तिरंगा, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आणि मागच्या सीटवर त्याचे वृद्ध गुरुजी. गुरुजींना का घेतलं, तर गाडीला आशीर्वाद हवा म्हणून. गुरुजी का आले, तर दशम्यांचा वास आला म्हणून. ज्ञानी झाला तरी माणसाला पोट असतंच की!

गाडीत सगळं होतं, फक्त बोलणं नव्हतं. व्यापाऱ्याची लेक ऋजुता दुसऱ्या दिवशी सकाळी अरुणाचलातल्या एका शाळेत शिकवायला जाणार होती. "जायचं तर जा, मी दारात यायचा नाही," एवढं बोलून बापाने अबोला धरला होता. तो सुटावा म्हणून तर आईने ही सहल जुळवली होती.

स्मारकापाशी व्यापाऱ्याने झेंड्याला कडक सलाम ठोकला. "सारा देश एक घर आहे, गुरुजी!" असं चारचौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. मग हुतात्म्यांची नावं कोरलेल्या स्तंभावर त्याने टकटक करून पाहिलं. "दगड बरा आहे. पॉलिश मात्र गेलंय." धंदा काही बोटांतून जात नाही! फोटो झाले, दशम्या संपल्या, गाडी निघाली.

टेकडी उतरून गाडी हमरस्त्याला लागते न लागते तोच गुरुजी तोंडावर हात धरून मागे खुणा करू लागले. "माझी कवळी! खांबापाशी राहिली रे!"

"बघून घेऊ नये का आधी?" व्यापारी चरफडला.

"अहो, वळवा की," बायको म्हणाली, "बिनदातांचे गुरुजी घरी नेऊन काय त्यांना नुसती पेज घालू?"

गाडी वळली. स्तंभापाशी येताच गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातून कवळी काढली, निवांत तोंडात बसवली, आणि एका नावावर हात ठेवून म्हणाले, "महादू, येतो रे."

"खिशातच होती?" व्यापारी कडाडला. "दगडाला 'येतो' म्हणायला एवढं डिझेल जाळलंत?"

"मग काय करू, शेठ? दात नसले की 'येतो'चं नुसतं वारं होतं." गुरुजी डोळे मिचकावून हसले. मग मात्र त्यांचा स्वर उतरला. "हा महादू साळी, आमच्याच आळीतला. माझ्या जन्माआधीच गेला. पण त्याच्या बापाला मी पाहिलंय. पोरगं चळवळीत निघालं, उंबऱ्यात थांबून म्हणालं, 'आबा, येतो.' आबा रागाने मागावर विणत बसलेले. त्यांनी मान वर केली नाही. पोराला गोळी लागली. पुढे हा स्तंभ उभा राहिला, आणि म्हातारा दर सणाला इथे येऊन या नावाला सांगायचा, 'ये रे. ये.' आपल्यात निघणारा 'येतो' म्हणतो, पण ते बोलणं त्याच्या एकट्याचं नसतं. मागे राहणाऱ्याने 'ये' म्हटलं की ते पुरं होतं. आबांचा अर्धा वाटा तसाच राहिला." आणि जाता जाता त्यांनी चिमटा काढलाच, "मघाशी सारा देश एक घर म्हणालास. त्या घरात अरुणाचलाची खोली आहे ना रे?"

 व्यापाऱ्याने त्या नावावर हात ठेवला. या खेपेस टकटक केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता बॅग घेऊन बाहेर आली, तर दारात बाप आधीच उभा! इतका मधोमध, की तिला बाहेर पडायला वाट नाही.

"बाबा, येते."

तो बाजूला सरला. "ये," तो म्हणाला. आणि बॅग उचलता उचलता पुटपुटला, "तिथल्या शाळेत फरशी कसली आहे ते कळव. धड नसेल तर बघू काहीतरी."

तेव्हा मंडळी, घरातून कुणी निघालं असेल तर भांडण राखून ठेवा, ते काही नासत नाही. आधी दारात जा आणि 'ये' म्हणा.