नावाची जोडणी

मिरजेच्या वधूवर मंडळाचे अध्यक्ष रंगराव पाटणकर यांना आपल्या नावाचा भारी अभिमान. संगणकावर सभासद आणि कुटुंबं असे दोन तक्ते जोडताना चिटणीस उज्ज्वला म्हणाली, "प्रत्येकाला वेगळा क्रमांक देऊन जोडू या."

"क्रमांक कैद्यांना असतात," रंगराव म्हणाले. "नावानंच जोडा."

तिने तसंच जोडलं.

वार्षिक सभेत रंगरावांनी ऐटीत स्वतःचीच माहिती पडद्यावर काढायला लावली. पत्नी म्हणून दोन नावं झळकली. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी शालिनीकाकू उठून त्यांना म्हणाल्या, "ही लीलावती कोण?"

रंगराव घाईघाईनं पडद्यापुढे जाऊन उभे राहिले.

"काकू, मंडळात रंगराव पाटणकर दोन आहेत," उज्ज्वला शांतपणे म्हणाली. "नावानं जोडल्यामुळे दुसऱ्या रंगरावांची बायको साहेबांकडेही आली आणि तुम्ही त्यांच्याकडेही गेलात. साहेब, ज्याची बायको त्यालाच हवी असेल, तर क्रमांक घ्यावा लागेल."

"कुठलाही द्या," रंगराव पुटपुटले, "पण आत्ता द्या."