त्याच्या आधी काय वाटलं

“मग काय करू मी, भन्ते? नुसती बसून राहू?”

उत्पला मेश्रामने विचारलं आणि लगेच हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

भन्ते विनयसार विहाराच्या ओसरीत चीवराचा उसवलेला काठ शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बसलीच आहेस,” ते म्हणाले.

गाव वैनगंगेच्या काठचं. विहार गावाबाहेर, मुरमाच्या उंचवट्यावर. दोन खोल्या, एक ओसरी. इथेच भन्तेंनी उत्पलाला पाली शिकवली. तिला आणि प्रसेन गजभियेला. दोघं एकाच वस्तीतली, एकाच चटईवर बसून शिकलेली. पुढे दोघं नागपूरला एम.ए. झाली. उत्पला पहिली आली, प्रसेन दुसरा.

मग दोघांनी परदेशातल्या एकाच विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज केला. तिथे प्रवेश दोघांनाही मिळू शकत होता. पण आपल्याकडच्या विद्यार्थ्यासाठी पूर्ण खर्चाची शिष्यवृत्ती एकच होती. ती नसेल तर प्रवेश असून नसल्यासारखा.

निकाल फेब्रुवारीत लागायचा होता. मार्च सरत आला होता.

“आपली दुपार झाली की तिथलं ऑफिस उघडतं,” उत्पला म्हणाली. “त्यामुळे दुपार झाली की मी सारखी मेल उघडून पाहते. घरी बाबा काही विचारत नाहीत, नुसते माझ्या तोंडाकडे पाहतात. म्हणून इथे येते.”

“प्रसेन कसा आहे?”

“हल्ली भेट नाही. त्याचंही आलं नसणार. आलं असतं तर वस्तीभर झालं असतं.” ती जरा थांबली. “खरं सांगू, भन्ते? त्याला मिळणं कठीण आहे. तो अर्थामध्ये रमतो आणि विभक्ती चुकवतो. माझं व्याकरण पक्कं आहे.”

भन्तेंनी टाका घातला. दुसरा घातला.

“पक्कं आहे,” ते म्हणाले.

एवढ्यात चढावरून कुणीतरी धापा टाकत येताना दिसलं. प्रसेनची आई, शेवंताबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवून त्या तशाच आल्या होत्या. पदराला तेलाचा वास, हातात पेढ्यांचा पुडा.

“वंदामि, भन्ते!” त्यांनी ओसरीच्या पायरीवर डोकं टेकवलं. “माह्या प्रसेनले घेतलं! त्या तिकडच्या शाळेनं घेतलं!”

उत्पला जागची हलली नाही.

“सुखी व्हा,” भन्ते म्हणाले.

“पेढा घ्या, भन्ते... अगंबाई, तुमची येळ टळली ना.” भन्ते दुपारी बारानंतर काही खात नसत. “मंग उत्पला, तूच घे. तुह्या वाटचा बी घे न भन्तेच्या वाटचा बी घे. तोंड उघड.”

शेवंताबाईंनी स्वतःच्या हाताने तिला पेढा भरवला.

“कधी कळलं, मावशी?” भरल्या तोंडाने उत्पलाने विचारलं.

“त्याले काल कळलं म्हन्ते. मले आज सांगतलं. सकाळपासून भिंतीकडे तोंड करून निजला हाय. मी म्हनलं, अबे, रडतं कायले? त म्हन्ते, घेतलं ना माय, झालं ना आता. आनंदानंच रडत असन, नाही?”

उत्पलाने पेढा गिळला नाही. तो तसाच गालात राहिला.

“मावशी... आणि पैशांचं काय म्हणाले ते लोक?”

“ते नाही देत म्हन्ते. सोताचे आना म्हन्ते.” शेवंताबाईंनी हाताने झटकल्यासारखं केलं. “त्याचं काही नाही. शाळेतून आली का सांजेले अजून दोन घरचा सैपाक धरीन. कुनबी-तेल्यायच्या लग्नाच्या पोळ्या करीन. किती लागन गं, पोरी? तुले मालूम असन.”

किती लागतील ते उत्पलाला माहीत होतं. तो आकडा या बाईसमोर उच्चारणं शक्य नव्हतं. शेवंताबाई तिच्या तोंडाकडे पाहत उत्तराची वाट पाहत होत्या, कपाळावरचा घाम तसाच.

“बघू, मावशी,” ती म्हणाली. “काहीतरी बघू.”

“बघू ना! तू हायेस त मले कायचं भेव.” शेवंताबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, भन्तेंना पुन्हा वंदन केलं आणि आल्या तशा उतार उतरून गेल्या. अर्ध्या वाटेवर वळून त्यांनी हातही केला.



भन्तेंनी सुई चीवरात टोचून ठेवली.

“काय वाटलं?” त्यांनी विचारलं.

“फार वाईट वाटलं, भन्ते. बिचाऱ्या मावशी. त्यांना कळलंच नाहीये की...”

“त्याच्या आधी?”

“आधी म्हणजे?”

भन्तेंनी चीवर बाजूला ठेवलं.

“आधी काही नाही. ऐकलं, आणि वाईट वाटलं.”

भन्ते तिच्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. वर्गात एखादं रूप चुकलं की ते असेच पाहत, तिचं तिला सापडेपर्यंत...

उत्पलाने पदर चाचपला. मोबाइल उलटा ठेवला, सुलटा केला. खाली नदीपात्रात कुणीतरी टरबुजाच्या वाडीला पाणी देत होतं, त्या इंजिनाचा आवाज येत होता.

“आनंद झाला,” ती म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण तिला तो ओळखता आला नाही.

“आनंद झाला, भन्ते. ‘सोताचे आना म्हन्ते’ असं मावशी म्हणाल्या, आणि माझ्या मनात आलं, म्हणजे शिष्यवृत्ती प्रसेनला गेलेली नाही. म्हणजे माझी आहे. त्यांच्या हातचा पेढा माझ्या तोंडात होता... आणि मी मनातल्या मनात उडी मारली.”

ती दोन्ही हात गालांवर ठेवून बसली. कुणी आपल्याला थोबाडीत मारली आहे आणि मारणारं माणूस दिसत नाहीये, असा तिचा चेहरा झाला होता.

“लहानपणी ताप आला की या बाईने मला मांडीवर घेतलंय. माझी आई मजुरीला जायची तेव्हा मी त्यांच्या घरी जेवलेय. मी अशी आहे, भन्ते? मी अशी आहे?”

भन्ते रागावतील असं तिला वाटलं. किंवा, असं सगळ्यांनाच होतं, असं म्हणतील. दोन्हीतलं काहीही तिला चाललं असतं.

भन्तेंनी दोऱ्याचं रीळ उचललं आणि नवा दोरा काढला.

मोबाइल थरथरला.

उत्पलाने पाहिलं नाही. किती दिवस ती त्या एका आवाजासाठी कान लावून होती. रात्री उशाशी, न्हाणीघरात कोनाड्यात, कुठेही तो मोबाइल ती घेऊन जायची.

“वाजलं,” भन्ते म्हणाले.

“नको.”

“पाहा.”

तिने उघडलं. वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं.

“मिळाली,” शेवटी ती म्हणाली. “प्रवेश आणि शिष्यवृत्ती. पूर्ण. विमानाच्या तिकिटासकट.”

आता आनंद होईल म्हणून ती थांबली. मघाशी न बोलावता आलेला आनंद आता कुठेच नव्हता. तिने भन्तेंकडे पाहिलं, आशीर्वादासाठी म्हणा किंवा नुसतंच म्हणा.

“बाबांना फोन लावते,” ती पुटपुटली.

भन्तेंनी मान हलवली. नाही. आणि शेवंताबाई ज्या उतारावरून गेल्या होत्या तिकडे बोट केलं.

“आत्ता?” तिने विचारलं. “प्रसेनकडे? भन्ते, कोणत्या तोंडाने जाऊ?”

“जे आहे त्याच.”

“काय सांगू?”

“जे झालं ते.”

ती उठली. चपला घालताना एक पाय दुसऱ्याच चपलेत गेला. मग उतारावरून ती जवळजवळ पळतच गेली, थांबले तर परत फिरेन अशा भीतीने.

ऊन उतरलं. भन्तेंचा काठ शिवून झाला. सायंकाळच्या वंदनेसाठी दोन-चार माणसं आली, वंदना झाली, माणसं पांगली. शेवटची म्हातारी पायरी उतरत होती तेव्हा उत्पला परत आली.

ती बसली नाही. खांबाला धरून उभी राहिली. तिचे डोळे लाल होते आणि नाकपुड्या फुललेल्या.

“सांगून आले,” ती म्हणाली.

भन्ते थांबले.

“अंगणात बाजेवर बसला होता. मावशी आत चहा ठेवत होत्या. मी म्हटलं, प्रसेन, मला शिष्यवृत्ती मिळाली. मग त्याने मावशींना बाहेर बोलावलं आणि माझ्यासमोरच सांगितलं, माय, पैसे मिळणार नाहीत, मी जाणार नाही. तू पेढे वाटायला निघालीस तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, जीभ उचलली नाही. मावशी चुलीजवळ गेल्या आणि पाठ करून बसल्या, भन्ते. चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत...”

तिने पदराने नाक पुसलं.

“मग?”

“मग तो म्हणाला, उत्पला, तुला एक सांगायचंय. काल माझं आलं तेव्हापासून मी एकच गोष्ट मागतोय, की तुलाही मिळू नये. बुद्धमूर्तीसमोर बसून मागितली म्हणाला. आज दुपारी भिंतीकडे तोंड करून हेच म्हणत होतो, म्हणाला.”

तिचा आवाज चढला.

“माझ्या तोंडावर, भन्ते! एका चटईवर बसलो आम्ही इतकी वर्षं. त्याच्या आजारपणात त्याच्या नोट्स मी उतरवल्या. आणि हा माणूस बुद्धासमोर बसून माझं वाईट मागत होता! मला तर काही सुचेनाच. मी म्हटलं, प्रसेन, तू असा असशील असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.”

“तो काय म्हणाला?”

“काय म्हणणार? खाली मान घालून बसला. म्हणाला, मलाही वाटलं नव्हतं. मावशी आतून चहा पिऊन जा म्हणत होत्या, अशातही. पण मी थांबले नाही. तशीच निघून आले.”

बोलून ती दमली. खांबाला टेकून उभी राहिली, भन्ते आता प्रसेनबद्दल काहीतरी बोलतील म्हणून.

खाली गावात दिवे लागत होते. गजभियांचं घर इथून दिसायचं, पण तिथे अजून अंधार होता.

“हे त्याने स्वतःहून सांगितलं?” भन्तेंनी विचारलं.

“हो. कुणी विचारलं नसताना.”



“आणि तू?”