दारातल्या तीन जावा

एक होती विजेवरची गाडी. तिच्या दारात तीन जावा नांदायच्या: थोरली रबरपट्टी, मधली मोटर आणि धाकटी काच. मोटरनं काचेला वर न्यायचं, रबरपट्टीनं तिच्या कडा धरायच्या.

उन्हानं थोरली सुकली, काचेला चिकटू लागली. मधलीला शिकवण होती, की वाटेत काही अडलं तर लेकराचं बोट समजून मागं फिरायचं. म्हणून काच अर्ध्यावर जायची नि खाली यायची.

"मधल्या बाई भित्र्या झाल्या," काच टोमणा मारायची.

"भित्री तर भित्री. बोट चेंगरलं तर?" मोटर म्हणायची.

थोरलीला सगळं ठाऊक होतं, पण म्हातारपण कबूल करायची लाज वाटून ती गप्प राहिली.

मिस्त्री आला. मोटरच बिघडली असं समजून त्यानं ती काढून भंगारात टाकली आणि काच हातानं वर ओढून पाहिली. आता अंग चोरून काच जाऊ द्यावी, म्हणजे आपलं दुखणं उघडं पडणार नाही, असं थोरलीला वाटलं. पण मधलीची रिकामी जागा बघून तिला गलबलून आलं. तिनं काच घट्ट धरून ठेवली.

"म्हणजे अडतंय इथं," मिस्त्री म्हणाला. त्यानं पट्टी पुसून वंगण लावलं आणि तीच मोटर परत बसवली.

"बाई, ते बोट माझं होतं गं," थोरली म्हणाली.

 मोटरनं काच अलगद वर नेली. तेव्हापासून त्या दारातून गाडीत धूळ आली नाही, आणि तिघी एकमेकींना धरून सुखानं नांदल्या.